साडेतीन मिलिमीटरचा इतिहास : मुकुंदवाडीच्या दुरुस्ती-टेबलावरून

१

यंत्रांचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक रूढ रीत आहे. शोधकर्त्याचे नाव, शोधाचे साल, यंत्र बाजारात आल्याची तारीख आणि त्यामुळे 'झालेली क्रांती' अशा चार पायऱ्या चढल्या की तो इतिहास पूर्ण झाला असे मानले जाते. यंत्र बिघडल्यावर काय होते, ते कोण उघडतो, कोणत्या हत्यारांनी आणि कोणत्या शब्दांत त्याचे निदान करतो, याची नोंद या इतिहासात सापडत नाही. वास्तविक कोणत्याही यंत्राच्या आयुष्यात शोधाचा क्षण एकदाच येतो. बिघाड आणि दुरुस्ती यांचे क्षण मात्र पुनःपुन्हा येत राहतात. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. तंत्रज्ञानाचा इतिहास नवनिर्मितीकडून न लिहिता वापराकडून लिहिला, तर देखभाल आणि दुरुस्ती परिघावरून मध्यभागी येतात, असे त्याचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत लेखात आम्ही एका अगदी लहान वस्तूकडे अशा दृष्टीने पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे खिशातल्या रेडिओला, वॉकमनला किंवा मोबाइलला असलेले हेडफोनचे छिद्र, अर्थात 'ऑडिओ जॅक'. त्याचा व्यास साडेतीन मिलिमीटर. भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे का पाहावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, ऐकणे ही आपल्या संस्कृतीतील एक मूलभूत क्रिया आहे. नवविधा भक्तीत श्रवण पहिले येते आणि 'दासबोधा'च्या चौथ्या दशकाचा प्रारंभ श्रवणभक्तीनेच होतो. गेल्या पाऊणशे वर्षांत मराठवाड्यातील माणसांचे ऐकणे बदलत गेले, आणि त्या बदलाचा एक महत्त्वाचा सांधा या छिद्रात आहे. सांधा म्हटला की तो निखळणार हेही आलेच, आणि निखळला की तो जोडणारा हातही आला.

२

या छिद्राचे मूळ संगीतात नाही. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. १८७८ साली अमेरिकेत चार्ल्स स्क्रिब्नर या अभियंत्याने टेलिफोनच्या स्विचबोर्डासाठी स्प्रिंगच्या पट्टीवर चालणाऱ्या स्विचचे पेटंट मागितले. घडीच्या चाकूसारख्या दिसणाऱ्या सुरुवातीच्या स्विचमुळे, म्हणजे 'जॅकनाइफ'वरून, त्याला 'जॅक' हे नाव पडले, असे सांगितले जाते. ऑपरेटरने दोरीच्या टोकाची पिन एका छिद्रात घातली की एका ग्राहकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडे. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंजेस सुरू झाली, तेव्हा ही जुळणीची कल्पनाही आपल्याकडे आली. त्या काळातील पिन पाव इंचाची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. आजही ध्वनिवर्धकाच्या मिक्सरला आणि इलेक्ट्रिक गिटारला तीच लागते.

पिनेची रचना नीट पाहण्यासारखी आहे. टोक, कडे आणि दांडा असे तिचे तीन भाग. त्यांच्यामध्ये काळ्या रंगाच्या विद्युत्‌रोधक वळ्या. स्टीरिओ ध्वनीत टोकाकडे डाव्या कानाचा प्रवाह, कड्याकडे उजव्या कानाचा, आणि दांडा दोघांच्याही परतीची सामाईक वाट. मोबाइलच्या पिनेला आणखी एक कडे वाढले, ते मायक्रोफोनसाठी. छिद्राच्या आत या प्रत्येक भागाला टेकणारी एकेक पितळी वा तत्सम धातूची लवचीक पट्टी असते. सारी यंत्रणा उभी आहे ती या पट्ट्यांच्या दाबावर. पट्टी दाबत असेल तर आवाज आहे, ढिली पडली तर नाही. दीडशे वर्षांत विद्युत्‌शास्त्र कोठल्या कोठे गेले. पट्टीने पिनेला टेकून राहणे मात्र बदलले नाही.

३

आता मराठवाड्याकडे वळू. निजामाच्या राज्यात १९३५ पासून हैदराबादला सरकारी 'दक्कन रेडिओ' चालू होता आणि पुढे औरंगाबादलाही एक छोटे केंद्र आले. उर्दूत बिनतारी यंत्रणेला 'लासिलकी' म्हणत. 'ला' म्हणजे विना, 'सिल्क' म्हणजे तार वा धागा. राज्यकारभाराची भाषा उर्दू आणि ऐकणाऱ्यांतील बहुसंख्यांची मराठी, तेलुगू वा कन्नड, अशी ती स्थिती होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागतीची घोषणा केली ती रेडिओवरूनच. मराठवाड्याच्या इतिहासातील सर्वांत मोठे राजकीय स्थित्यंतर येथील जनतेला असे कानांनी कळले. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीकडे आली.

त्या काळातील ऐकणे सामूहिक होते. रेडिओ महाग, त्याला परवाना लागे, त्या परवान्याची फी टपाल कचेरीत भरावी लागे. ही फी १९८५ साली रद्द झाली. गावात एखाद्याच्या ओसरीवर वा चावडीत संच असे आणि बातम्यांच्या वेळी माणसे त्याच्याभोवती जमत. कीर्तनाला, पोथीला बसणाऱ्या समाजाला हे नवे नव्हते. वक्ता तेवढा बदलला होता. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृगटांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, नंतर त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला कळवायचे, अशी ती योजना होती. एक संच आणि अनेक कान हे त्या योजनेचे गृहीतकच होते.

या संचांना छिद्राची गरज नव्हती. आवाज सर्वांसाठी होता, आणि ज्याला ऐकायचे नसेल त्यालाही तो ऐकावा लागे.

४

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला आणि १९५४ मध्ये खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. साठच्या दशकात आपल्याकडेही ट्रान्झिस्टर शेताच्या बांधापर्यंत पोचला. या लहान रेडिओंच्या कडेला एक छिद्र असे आणि त्यात घालायला एका कानाचे यंत्र. पाव इंचाची पिन या देहाला पेलणारी नव्हती; म्हणून साडेतीन आणि अडीच मिलिमीटरच्या धाकट्या पिना रूढ झाल्या.

या छिद्रात एक विलक्षण साधी युक्ती होती. पिन नसताना आतील पट्टी दुसऱ्या एका पट्टीला टेकलेली असते आणि प्रवाह स्पीकरकडे जातो. पिन आत शिरली की ती पट्टी उचलली जाते, स्पीकरची वाट तुटते आणि आवाज कानातल्या यंत्राकडे वळतो. ज्या आवाजावर घरातल्या सर्वांचा हक्क होता तो एका पट्टीच्या हालचालीने एकट्याचा होतो. सामूहिक ऐकणे आणि खाजगी ऐकणे यांमधील सीमा समाजशास्त्राच्या ग्रंथांत आपण अनेक पाने खर्चून आखतो. ट्रान्झिस्टरमध्ये ती अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत होती.

आणि बिघाडही नेमका तेथेच होई. पिन वारंवार घातल्याने पट्टी वाकून राही, किंवा दमटपणाने तिच्यावर काट चढे. मग पिन काढली तरी स्पीकर बोलत नसे. 'रेडिओ मुका झाला' म्हणून मालक तो दुकानात आणी. जाणता कारागीर आधी बॅटरी पाही, मग ती छिद्रातील पट्टी. ती हलकेच वाकवून जागेवर आणली, काट खरवडला, की रेडिओ बोलू लागे. अज्ञ कारागीर अर्धा संच उकली. दुरुस्तीतील ज्ञान हे हत्याराइतकेच क्रमाचे ज्ञान असते, आधी कोठे पाहायचे याचे, हे येथे लक्षात यावे.

हा कारागीर आपल्या समाजरचनेत कोठून आला? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांचे जे वर्णन आहे त्यात सुताराने नांगर सांधणे, लोहाराने फाळ शेवटणे ही कामे दुरुस्तीचीच आहेत. पण तेथे दुरुस्ती हा जन्माने येणारा हक्क आणि जन्माने येणारे बंधन असे दोन्ही होते. रेडिओ दुरुस्तीला वतन नव्हते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत रेडिओ-टीव्हीचा अभ्यासक्रम केलेला, सैन्यातून परतलेला किंवा एखाद्या उस्तादाच्या दुकानात झाडलोट करता करता शिकलेला, असा कोणीही या टेबलामागे बसू शकत होता. गावगाड्यात ज्यांच्या वाट्याला हे टेबल कधी आले नसते अशा घरांतील मुलांनाही ते मिळाले, ही गोष्ट आम्हांला या धंद्याच्या इतिहासात महत्त्वाची वाटते.

तरीही जुन्याशी त्याचे नाते अगदीच तुटलेले नव्हते. दारोदार फिरणारा कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकून कथील फिरवी. नवसागराने धातूवरील काट निघे आणि कथील बसे. सोल्डरिंगच्या तारेत तेच कथील असते, शिशाबरोबर मिसळलेले. आणि नवसागराच्या जागी राळेची पेस्ट. सुमारे १८३ अंश सेल्सिअसला हे मिश्रण वितळू लागते. म्हणजे धातू तोच, तत्त्वही तेच. बदलले ते काम. कल्हई पितळेला झाकत असे, सोल्डर दोन तारांना बोलते करते. मराठीत याला 'झाळणे' आणि 'डाक लावणे' हे शब्द आहेतच. दुकानात मात्र 'टाका मारणे' अधिक ऐकू येते. शिंप्याचा, डॉक्टरचा, सोनाराचा आणि रेडिओवाल्याचा टाका एकच शब्द वापरतो याचे भाषेच्या अभ्यासकाला नवल वाटू नये, कारण सर्वांचे काम उसवलेले सांधण्याचे आहे.

५

१ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीस आला. त्याला स्पीकर नव्हता. म्हणजे येथे पट्टीने स्पीकरची वाट तोडण्याचा प्रश्नच उरला नाही. खाजगी ऐकणे हा पर्याय राहिला नाही, तेच एकमेव ऐकणे झाले. पण गंमत अशी की त्या पहिल्या संचाला हेडफोनची दोन छिद्रे होती, आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होई व दोघे एकमेकांशी बोलू शकत. एकट्यानेच ऐकत बसणे असभ्य दिसेल अशी शंका कंपनीच्या प्रमुखांना, अकिओ मोरिता यांना, आली होती. ती शंका फार काळ टिकली नाही. पुढील काळात दुसरे छिद्र हळूहळू गेले. लोकांना एकट्यानेच ऐकायचे होते.

मराठवाड्यात मात्र कॅसेटने उलट दिशेचेही काम केले. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटींचा पूर आला. पीटर मॅन्युएल यांनी 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात उत्तर भारताच्या संदर्भात दाखविले आहे की, कॅसेटमुळे ध्वनिमुद्रणावरील मोजक्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक आवाजांना बाजार मिळाला. आपल्याकडे भजने, पोवाडे, लोकगीते आणि भीमगीते यांना असाच बाजार मिळाला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत धगधगत होता, त्याच काळात वामनदादा कर्डकांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांचे आवाज कॅसेटींतून वस्त्यावस्त्यांत पोचत होते. टेपरेकॉर्डरच्या मागचे छिद्र तेथे कानाकडे जात नव्हते. तेथून निघालेली तार ॲम्प्लिफायरला आणि तेथून कर्ण्याला जाई. एकट्याच्या कानासाठी केलेले छिद्र जयंतीच्या मिरवणुकीला आवाज पुरवीत होते. वस्तूचा उपयोग तिचा निर्माता ठरवीत नाही, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला ठाऊक नाही.

याच दशकांत मुकुंदवाडी बदलली. मनमाडहून हैदराबादकडे जाणाऱ्या निजामकालीन लोहमार्गालगतचे आणि जालना रस्त्यालगतचे हे मूळचे खेडे. एका बाजूस चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूस सिडकोने उभारलेले नवे औरंगाबाद. त्या वाढीत गाव शहरात सामावले. जालना, बीड, परभणीकडून आलेली कष्टकरी माणसे येथे स्थिरावली. १९८२ साली औरंगाबादला महानगरपालिका झाली. पैठण रस्त्यावर चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला. कंपनीच्या पत्त्यात 'चौदा किलोमीटरचा दगड' असा उल्लेख असे. नाथांच्या पैठणला जाणाऱ्या वाटेवर दूरदर्शन संच तयार होऊ लागले. ज्या शहरात इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडल्या जातात, तेथे त्या उघडण्याची भीती कमी होते. २०१८ साली ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. उघडण्याचे धैर्य मात्र शहरात उरले. २०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही नावे काही काळ एकत्र नांदताना आम्ही पाहिली आहेत.

६

मोबाइलच्या काळात या छिद्राचे काम वाढले. स्वस्त मोबाइलमध्ये गाणी आली, मेमरी कार्डात गाणी 'भरून देणारी' दुकाने आली, आणि एफ. एम. रेडिओही आला. या रेडिओची एक खुबी पुष्कळांना ठाऊक नसते. मोबाइलला अँटेनाची काडी नसते. हेडफोनची तारच अँटेनाचे काम करते. म्हणूनच पिन काढली की रेडिओ बंद होतो आणि 'हेडफोन जोडा' अशी सूचना येते. छिद्र केवळ आवाज बाहेर सोडत नाही, तर तरंग आतही घेते.

मुकुंदवाडीसारख्या वस्तीत चौकातल्या दुरुस्तीच्या टेबलाशी तासभर बसले, तर या छिद्राच्या तक्रारी कानी पडतातच. गिऱ्हाईक सांगते, "भाऊ, पिन दाबून धरली की वाजतंय, सोडली की बंद." कारागीर पिन घालतो, चार बाजूंना किंचित हलवतो आणि ऐकतो. बाहेर आलेली पिन तरफेसारखी काम करते. मोबाइल खिशात ठेवून माणूस खाली बसला, सायकलवर वाकला, की पिनेच्या टोकाशी दिलेला छोटासा जोर छिद्राच्या मुळाशी मोठा होऊन पोचतो आणि बोर्डावरचा टाका तडकतो. टाका दिसायला शाबूत असतो, धरत मात्र नसतो. याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात. कित्येकदा त्याहूनही साधे कारण असते. खिशातील सुताचे तंतू पिनेने आत ठासले जातात, त्यांची गुठळी तळाशी बसते आणि पिन पूर्ण शिरत नाही. अशा वेळी सुईने गुठळी काढणे एवढीच दुरुस्ती असते. प्रामाणिक कारागीर त्याचे पैसेही घेत नाही किंवा नाममात्र घेतो.

एक तक्रार मात्र साहित्याच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे : "गाणं वाजतंय, पण गाणाऱ्याचा आवाज येत नाही." तबला, व्हायोलिन, कोरस ऐकू येतो, पण दूरून आल्यासारखा, आणि मुख्य गायक नाहीसा झालेला असतो. यामागील कारण समजण्यास कठीण नाही. ध्वनिमुद्रणात मुख्य गायकाचा आवाज मध्यभागी ठेवतात, म्हणजे तो डाव्या आणि उजव्या वाटेत अगदी सारखा असतो. दोन्ही वाटा सामाईक दांड्यातून परततात. ही परतीची वाट तुटली तर डावी आणि उजवी वाट एकमेकींत मिसळून वजा होतात. जे दोघींत सारखे ते संपते आणि जे भिन्न ते तेवढे उरते. सर्वांना सारखा मिळालेला आवाजच अशा वेळी ऐकू येईनासा होतो. कारागीर हे गणित मांडत नाही. तो क्षणभर ऐकतो आणि म्हणतो, "अर्थ तुटलाय." परतीच्या वाटेला, इंग्रजी 'अर्थ'ला, कारागिरांच्या मराठीत 'अर्थ' म्हणतात. हा शब्द कोणत्या भाषेतून आला हे त्याला माहीत असो वा नसो, निदान अचूक असते. दोन निरनिराळ्या रीतींनी जोडलेल्या चार भागांच्या पिना एकमेकींच्या संचात घातल्या, तरी नेमके हेच होते. मायक्रोफोन आणि 'अर्थ' यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. जुना हेडफोन आणि नवा मोबाइल यांचे जुळत नाही त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

निदान झाल्यावरचे काम बारीक आहे. संच उघडायचा, भिंगाखाली बोर्ड धरायचा, मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवून कोणता टाका 'बीप' देत नाही ते पाहायचे. पेस्ट लावून जुने कथील वितळवायचे, शोषून घ्यायचे, छिद्राचा जुना भाग उचलायचा, नवा बसवायचा. उष्णता थोडी कमी पडली तर टाका पुन्हा कोरडा राहतो. थोडी जास्त झाली तर बोर्डावरील तांब्याची रेघच उखडते. मग त्या रेघेच्या जागी केसाएवढी तार टाकावी लागते. त्याला 'जंपर मारणे' म्हणतात. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नाही असे नव्हे. पण 'थोडी' म्हणजे किती, हे हाताने हाताला शिकविले जाते. आपण ज्याला मौखिक परंपरा म्हणतो ती केवळ ओव्यांची आणि लोककथांची नसते, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगत आलो आहोत.

या टेबलाचे उदात्तीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. सोल्डरच्या धुरात दिवस जातो, तारेत शिसे असते, पाठ आणि डोळे लवकर थकतात, आणि मिळकत अनिश्चित असते. शिवाय धंद्याचे स्वरूपही बदलले आहे. नव्या संचांत छिद्र, चार्जिंगची खाच आणि मायक्रोफोन पुष्कळदा एकाच छोट्या बोर्डावर असतात. एक पट्टी वाकली तरी पूर्ण बोर्ड बदलणे सोपे पडते. 'टाका मारू' याऐवजी 'बोर्ड टाकू' हे वाक्य अधिक ऐकू येते. दुरुस्ती करणारा हळूहळू सुटे भाग विकणारा होत आहे.

७

सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपल कंपनीने आयफोन ७ मधून हे छिद्र काढून टाकले. तो निर्णय जाहीर करताना कंपनीच्या अधिकाऱ्याने 'धाडस' हा शब्द वापरला आणि तो जगभर थट्टेचा विषय झाला. पुढे इतर कंपन्यांनीही महागड्या संचांत तोच मार्ग धरला. बिनतारी हेडफोन आले. 'लासिलकी' हा शब्द पुन्हा सार्थ झाला. पाणी आणि धूळ आत शिरू नये, जागा वाचावी, अशी कारणे देण्यात आली आणि त्यांत तथ्य आहेच. छिद्र नसेल तर ते बिघडणारही नाही.

पण मग बिघडते काय? बिनतारी हेडफोनच्या प्रत्येक बोंडात एक इवलीशी बॅटरी असते. दोन-चार वर्षांत तिची धारणशक्ती घटते आणि बोंड चिकटवून बंद केलेले असल्याने ती बदलणे जवळजवळ अशक्य होते. तारेच्या हेडफोनचा टाका तुटला तर तो जोडता येत असे. बिनतारी हेडफोन टाकून द्यावा लागतो. म्हणजे बिघाड नाहीसा झाला नाही, दुरुस्ती नाहीशी झाली. या दोन गोष्टींतील फरक आम्हांला या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा वाटतो.

त्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहायला हवे. आमच्या वर्गांत दृष्टिहीन विद्यार्थी असतात. मोबाइलवरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणालीच्या आधारे ते पाठ्यपुस्तक ऐकतात. वर्गात वा ग्रंथालयात ऐकायचे तर हेडफोन लागतोच. ज्या विद्यार्थ्याचे वाचन या छिद्रातून होते, त्याचे छिद्र बिघडणे म्हणजे पुस्तक मिटणे आहे. २०२० च्या टाळेबंदीत एका खोलीत दोन भावंडे दोन वर्ग ऐकत होती, तेव्हाही तारेचा स्वस्त हेडफोन हीच दोन वर्गांमधील भिंत होती. २८ एप्रिल २०२३ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाइल उत्पादकांना एफ. एम. रेडिओची सोय बंद करू नये अशी सूचना दिली. ज्यांना स्वतंत्र रेडिओ परवडत नाही त्यांचा विचार आणि आपत्तीच्या काळातील गरज, अशी त्यामागील भूमिका होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ज्यांच्या स्मरणात आहे, त्या मराठवाड्याला ही भूमिका समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु तारेशिवाय तो रेडिओ लागत नाही आणि छिद्राशिवाय तार लागत नाही, ही साखळीही ध्यानात ठेवली पाहिजे.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे तिच्यापुढे होती. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती कंपनीबाहेरच्या कारागिरालाही मिळावी, हा या मागणीचा गाभा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही अमलात आले. ही पावले स्वागतार्ह आहेत. मात्र ज्याच्यासाठी हा हक्क आहे तो कारागीरच टेबलावरून उठून गेला, तर हक्क कागदावर राहील.

येथे भाषा-साहित्य विभागांना काही करता येण्यासारखे आहे असे आम्हांला वाटते. लोकसाहित्याच्या संकलनासाठी आपण विद्यार्थ्यांना खेड्यांत पाठवितो. त्यांनी जात्यावरच्या ओव्या आणाव्यात अशी आपली अपेक्षा असते. त्याच विद्यार्थ्यांनी मुकुंदवाडीत, सिटी चौकात, जालन्यात वा परभणीत दुरुस्तीच्या टेबलांशी बसून शब्द आणि आठवणी टिपल्या तर? 'टाका', 'काट', 'पत्ती', 'जंपर', 'अर्थ', 'मुका सेट', 'उस्ताद' हे शब्द मराठी, उर्दू, दखनी आणि इंग्रजी यांच्या संगमावर उभे आहेत. आमच्या माहितीतील शब्दकोशांत त्यांच्या या अर्थांना जागा मिळालेली नाही. पहिला ट्रान्झिस्टर कोणी उघडायला शिकविले, कॅसेटचा काळ कसा होता, पहिला मोबाइल उघडताना हात कसा थरथरला, हे सांगणारी पिढी आज साठी-सत्तरीत आहे. जात्यावर बसणाऱ्या बायका गेल्यावर ओव्यांची धावपळ आपण केली. तेवढा उशीर येथे होऊ नये.

यंत्राच्या इतिहासात स्क्रिब्नरचे नाव राहिले, कारण पेटंट कार्यालयाने ते लिहून ठेवले. त्याच यंत्राला मराठवाड्यात पन्नास-साठ वर्षे बोलते ठेवणाऱ्या हातांची नोंद कोणत्याही कार्यालयाने केली नाही. ती करणे हे इतिहासाइतकेच भाषेचेही काम आहे. ते हात बोलत असताना वही उघडायला हवी.